भ्यालेल्या माणसांचे शुभवर्तमान

एखादा नवा पंथ उदयाला येतो, त्याचा संस्थापक दिवंगत होतो, आणि काही वर्षांनी त्याचे चरित्र लिहायला कोणीतरी बसतो. अशा चरित्रात काय असेल याचा अंदाज आपण सहज बांधू शकतो. गुरूची थोरवी तर असणारच. शिवाय तिच्या उजेडात उभ्या असलेल्या पट्टशिष्यांची थोरवीही असणार. गुरू गेल्यावर पंथ चालतो तो शिष्यांच्या शब्दावर, आणि त्या शब्दाला वजन यायचे तर शिष्य धुतल्या तांदळासारखे दिसले पाहिजेत. ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळी लिहिलेले एक लहानसे पुस्तक मात्र ही रीत पाळत नाही. येशूच्या जीवनाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी सलग हकीकत म्हणजे मार्ककृत शुभवर्तमान, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या हकीकतीत गुरूच्या बारा शिष्यांना गुरूचे बोलणे कळत नाही, ते मानपानासाठी भांडतात, ऐन वेळी झोपी जातात आणि संकट आले की एकजात पळून जातात. त्यांचा अग्रणी पेत्र तर एका दासीसमोर गुरूची ओळखच नाकारतो.

हे एखाद्या शत्रूने लिहिले असते तर त्यात नवल नव्हते. पण लिहिणारा त्या पंथातलाच, ऐकणारेही पंथातलेच, आणि ज्या पेत्राची ही फजिती सांगितली आहे तो त्या सर्वांना पूज्य. मग हे लिहिले कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाइतकेच ते ज्या काळात जन्मले त्या काळात दडलेले आहे.

मराठी वाचकाला ख्रिस्तकथा अनोळखी नाही. फादर स्टीफन्सने ती १६१६ साली ‘ख्रिस्तपुराणा’त ओवीबद्ध केली, पुढे रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले आणि लक्ष्मीबाईंनी ते तडीस नेले. पण अशा ग्रंथांतून, किंवा नाताळच्या चित्रांतून, आपल्या मनात जी कथा तयार होते ती चार शुभवर्तमानांचे धागे एकत्र विणून झालेली असते. गोठ्यातली गव्हाण आणि मेंढपाळ हे लूकने दिलेले. ताऱ्यामागून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष मत्तयाने दिलेले. मार्कच्या पुस्तकात यांतले काहीच नाही. तेथे जन्म नाही, बालपण नाही. पहिल्याच पानावर तिशीच्या घरातला एक पुरुष यार्देन नदीच्या काठी येऊन उभा राहतो, आणि तेथून कथा जी धावत सुटते ती थांबायचे नाव घेत नाही. ‘लगेच’ या अर्थाचा ग्रीक शब्द या लहानशा पुस्तकात चाळीसच्या आसपास वेळा आला आहे. अध्याय अवघे १६. फराळाचे ताट बाजूला सारून कोणी मोठ्याने वाचायला बसले तर दीड-दोन तासांत पुस्तक संपेल. आणि ते अशा मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिले गेले असावे. त्या काळी वाचता येणारी माणसे थोडी. एकाने वाचायचे आणि घरात जमलेल्या बाकीच्यांनी ऐकायचे, असा प्रघात होता.

आता काळाकडे वळू. रोमन सुभेदार पिलात याने येशूला वधस्तंभावर चढवले ते इ. स. ३० च्या सुमारास. मार्कचे पुस्तक अभ्यासक इ. स. ६५ ते ७५ च्या दरम्यान ठेवतात. म्हणजे मध्ये सुमारे चाळीस वर्षे गेली. या काळात येशूच्या गोष्टी तोंडोतोंडी फिरत होत्या. पौलाची पत्रे इ. स. ५० नंतरच्या दशकातली, म्हणजे मार्कहून जुनी. पण येशू कोठे गेला, काय बोलला, कोणाकोणाशी वादला याविषयी त्यांत फारच थोडे आहे. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ती माणसे हयात होती तोवर पुस्तकाची निकड कोणाला भासली नसावी. पण ती माणसे एकामागून एक जाऊ लागली. जब्दीचा मुलगा याकोब हेरोद अग्रिप्पाच्या कारकिर्दीत मारला गेला. येशूचा भाऊ याकोब, जो यरुशलेमातल्या मंडळीचा प्रमुख होता, त्याला इ. स. ६२ मध्ये दगडांनी ठेचून मारण्यात आले. पेत्र आणि पौल नीरोच्या काळात रोममध्ये मारले गेले अशी परंपरा आहे.

इ. स. ६४ च्या जुलै महिन्यात रोम शहराला प्रचंड आग लागली. ती बादशहानेच लावली अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा नीरोने तो आळ ख्रिस्ती लोकांवर ढकलला. इतिहासकार टॅसिटस याने पुढे सुमारे पन्नास वर्षांनी ही हकीकत लिहिली आहे. त्याला ख्रिस्ती लोकांविषयी मुळीच ममता नव्हती; तरीही त्यांच्या हालांचे जे वर्णन तो करतो ते वाचवत नाही. कोणाला जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकले, कोणाला रात्री दिव्यासारखे जाळले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याने जाता जाता दिलेली एक माहिती अधिक महत्त्वाची आहे. आधी ज्यांनी कबुली दिली त्यांना पकडले, आणि मग त्यांनी दिलेल्या माहितीवरून आणखी पुष्कळ लोकांना पकडले, असे तो सांगतो. याचा अर्थ उघड आहे. पकडलेल्यांपैकी काही जणांनी आपल्याच बांधवांची नावे सांगितली. छळ संपल्यावर जी मंडळी मागे उरली असेल तिच्यात हुतात्म्यांचे नातेवाईक होते. आणि ज्यांच्या जबानीमुळे ते हुतात्मे झाले, त्यांतलेही काही असणे अगदी संभवनीय आहे. मार्कच्या तेराव्या अध्यायात, पुढे भाऊ भावाला आणि बाप मुलाला मरणासाठी धरून देईल, असे भाकीत येशूच्या तोंडी आहे. ज्यांच्या घरांत हे घडून गेले असेल त्यांना ते ऐकताना काय वाटले असेल याची कल्पना करावी.

दोन वर्षांनी दुसरा डोंब उसळला. इ. स. ६६ मध्ये यहुदी लोकांनी रोमविरुद्ध बंड पुकारले. वेस्पासियन सैन्य घेऊन गालीलात उतरला. इ. स. ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली, ६९ या एका वर्षात चार बादशहा झाले, आणि त्यांतला शेवटचा स्वतः वेस्पासियन होता. त्याचा मुलगा टायटस याने ७० साली यरुशलेम जिंकले. तेथले मंदिर जळून गेले. ७१ मध्ये बापलेकांनी रोममध्ये विजयाची मिरवणूक काढली आणि मंदिरातली पवित्र पात्रे रस्त्यांतून मिरवली. टायटसच्या कमानीवर ती सात फाट्यांची दीपमाळ खांद्यावर वाहून नेणारे सैनिक आजही पाहायला मिळतात. एवढ्यावर भागले नाही. यहुदी माणूस मंदिरासाठी जो वार्षिक कर देत असे तो यापुढे रोममधल्या ज्युपिटरच्या देवळासाठी द्यावा, असे फर्मान निघाले. यहुदी राजद्रोही ठरले, आणि एका वधस्तंभी दिलेल्या यहुद्याला प्रभू म्हणणारी माणसे तर दोन्ही बाजूंना संशयास्पद झाली. हे पुस्तक मंदिर पडण्याच्या थोडे आधीचे की थोडे नंतरचे, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. पण त्याच्यावर या युद्धाची छाया आहे याविषयी सहसा दुमत नाही.

लिहिणारा कोण? पुस्तकात कोठेही त्याचे नाव नाही; मथळ्यातला ‘मार्क’ नंतरचा. दुसऱ्या शतकाच्या आरंभी पापियास नावाच्या एका धर्माध्यक्षाने असे नमूद केले की मार्क हा पेत्राचा दुभाष्या होता आणि पेत्राच्या आठवणी त्याने जशा ऐकल्या तशा, पण क्रमाने नव्हेत, लिहून ठेवल्या. जुनी परंपरा हे लेखन रोममध्ये झाले असे मानते. आजचे काही अभ्यासक सिरियाकडे बोट दाखवतात. पुस्तकातून एवढे मात्र दिसते की श्रोत्यांपैकी पुष्कळ जण यहुदी नव्हते. जेवणापूर्वी हात धुण्याची यहुदी चाल लेखकाला समजावून सांगावी लागते. येशूच्या तोंडचे अरामी शब्द तो तसेच ठेवतो आणि त्यांचा ग्रीक अर्थ देतो. गरीब विधवेने मंदिराच्या पेटीत टाकलेल्या दोन दमड्यांची किंमत तो रोमन नाण्यात सांगतो. येशूचा वधस्तंभ ज्याच्यावर सक्तीने लादला त्या कुरेनेकर शिमोनाची ओळख आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप अशी करून देतो. ही मुले कोण हे तो सांगत नाही, म्हणजे ती श्रोत्यांच्या माहितीतली असावीत. मत्तय आणि लूक यांनी हा प्रसंग घेतला, पण मुलांची नावे गाळली.

परंपरा ज्या मार्ककडे बोट दाखवते तो योहान मार्क असेल, तर एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात हा तरुण पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर प्रवासाला निघतो आणि अर्ध्या वाटेवरून यरुशलेमला परत फिरतो. पुढच्या खेपेला त्याला बरोबर घ्यावे की नाही यावरून त्या दोघांत इतके बिनसले की त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एकदा पाय मागे घेतलेल्या माणसाच्या नावावर परंपरेने नेमके हे पुस्तक घातले आहे.

पुस्तकाचा पहिला महत्त्वाचा शब्दच धाडसी आहे. ज्याला आपण शुभवर्तमान म्हणतो तो ग्रीक शब्द तेव्हा राजदरबारी वापरात होता. आशिया मायनरमधल्या प्रिएने गावी इ. स. पू. ९ चा एक शिलालेख सापडला आहे. त्यात ऑगस्टस बादशहाचा जन्मदिवस हा जगासाठी शुभवार्तांचा आरंभ होय, अशा अर्थाचा मजकूर आहे. वेस्पासियन बादशहा झाला तेव्हाही या शुभवार्तेचे उत्सव पूर्वेकडील शहरांत झाले, असे योसेफस लिहितो. बादशहाच्या नाण्यांवर ‘देवपुत्र’ ही पदवी कोरलेली असे. मार्कने हे शब्द उचलले आणि रोमच्याच आज्ञेने मारल्या गेलेल्या एका सुताराला लावले. त्याच्या कथेत येशूला देवाचा पुत्र म्हणणारा पहिला माणूस म्हणजे वधस्तंभापाशी पहाऱ्यावर असलेला रोमन शताधिपती होय, आणि तो हे म्हणतो ते येशूने प्राण सोडल्यावर.

येथे मार्कचा मुख्य हेतू दिसू लागतो. पहिल्या आठ अध्यायांत येशू रोगी बरे करतो, वादळ शमवतो, पण ज्यांना बरे केले त्यांना पुनःपुन्हा बजावतो की हे कोणाला सांगू नका. या गुप्ततेचे कोडे विल्यम व्रेडे या जर्मन अभ्यासकाने १९०१ साली जगापुढे मांडले आणि त्याच्यावर आजही लिहिले जाते. त्याचे एक सरळ उत्तर असे देता येते: नुसत्या चमत्कारांवरून येशूला ओळखले तर ती ओळख अपुरी राहील, असे मार्कला सुचवायचे आहे. शिष्यांची चूक नेमकी हीच होते. पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो, पण येशूने दुःख आणि मरण यांची गोष्ट काढताच तोच पेत्र त्याला दटावू लागतो. यरुशलेमच्या वाटेवर येशू तीनदा आपल्या मरणाचे भाकीत करतो आणि तिन्ही वेळा शिष्य काहीतरी भलतेच करतात. एकदा तर आपल्यात मोठा कोण याचा वाद घालतात. या वाटेच्या दोन्ही टोकांना मार्कने एकेका आंधळ्याची गोष्ट ठेवली आहे. पहिल्याला एका स्पर्शाने पुरते दिसत नाही. माणसे झाडांसारखी भासतात, आणि येशूला दुसऱ्यांदा हात ठेवावा लागतो. शिष्यांची स्थिती त्या आंधळ्यासारखीच होती, हे श्रोत्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसेल.

मग ती अखेरची रात्र येते. गेथशेमाने बागेत येशू जागे राहायला सांगतो आणि तिघे निवडक शिष्य तीनदा झोपी जातात. सैनिक येताच सारे पळतात. अंगावर केवळ तागाचे वस्त्र असलेला एक तरुण पकडला जातो आणि वस्त्र शत्रूच्या हाती टाकून उघडाच पळतो. ही गोष्ट मार्कखेरीज कोणीच सांगितली नाही. यानंतर मार्क एकाच वेळी दोन चौकशा दाखवतो. वर प्रमुख याजकापुढे येशू उभा आहे; खाली अंगणात पेत्र शेकोटीपाशी बसला आहे. वर येशू आपण कोण हे उघड कबूल करतो आणि त्याला मरणदंड ठरतो. खाली पेत्र तीनदा नाकारतो, शेवटी शापून आणि शपथ घेऊन नाकारतो, आणि त्याचा जीव वाचतो. कोंबडा आरवतो आणि पेत्र रडतो.

हा प्रसंग त्या काळच्या श्रोत्यांना निव्वळ जुनी गोष्ट वाटला असेल का? इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने ट्राजान बादशहाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते मार्कनंतर चाळीसेक वर्षांचे आहे, पण चौकशीची तऱ्हा त्यातून कळते. तुम्ही ख्रिस्ती आहात काय, असे तो आरोपींना विचारी. होय म्हटले तर शिक्षेची धमकी देऊन दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारी. ज्याने नाकारले आणि ख्रिस्ताला शाप दिला त्याला सोडून देई. तीनदा प्रश्न, नकार आणि शाप, ही पेत्राचीच परीक्षा आहे. नीरोच्या छळानंतर ज्याने कोठेतरी नकार देऊन जीव वाचवला होता असा माणूस मंडळीच्या बैठकीत भिंतीला टेकून हे ऐकत असेल, तर अंगणातल्या शेकोटीपाशी त्याला पेत्राच्या शेजारी आपणच बसलेले दिसले असणार.

काही अभ्यासक म्हणतात की मार्कला बारा शिष्यांचा अधिकारच खोडून काढायचा होता. हे मत टिकणारे नाही असे मला वाटते, आणि त्याचे कारण पुस्तकाच्या शेवटच्या ओळींत आहे. कोंबडा आरवल्यानंतर पेत्राचे नाव कथेतून नाहीसे होते. वधस्तंभापाशी तो नाही, पुरताना नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मरीया मग्दालीया, याकोबाची आई मरीया आणि शलोमे या तिघी कबरेपाशी येतात. कबर रिकामी असते. पांढरा झगा घातलेला एक तरुण त्यांना निरोप देतो की येशू तुमच्यापुढे गालीलात जात आहे, तेथे तो भेटेल, हे जाऊन शिष्यांना सांगा. आणि शिष्यांपाठोपाठ तो एकच नाव वेगळे घेतो, ते पेत्राचे. पेत्र शिष्यांतच मोडत होता, मग वेगळे नाव कशाला? कारण आपण आता शिष्यांत मोडतो असे स्वतः पेत्रालाच वाटत नसणार. आणि गालील म्हणजे तेच ठिकाण, जेथे जाळी टाकताना येशूने त्याला पहिल्यांदा हाक मारली होती. जेथून सुरुवात केली तेथून पुन्हा सुरुवात करायला त्याला बोलावले आहे. अधिकार खोडणाऱ्या लेखकाने हे नाव लिहिले नसते. मत्तयाने हाच निरोप दिला आहे. त्यात पेत्राचे नाव नाही.

मत्तय आणि लूक यांनी मार्कचे पुस्तक पुढ्यात ठेवून आपली पुस्तके लिहिली, हे आता बहुतेकांना मान्य आहे. तुलना केली म्हणजे मार्कचे वेगळेपण उठून दिसते. मार्कमध्ये याकोब आणि योहान हे भाऊ येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा स्वतः मागतात. मत्तयात ती मागणी त्यांची आई करते. पोरांचा दोष आईने पदरात घ्यायचा, ही रीत बरीच जुनी दिसते. मार्कमध्ये येशू पाण्यावरून चालत येतो तेव्हा शिष्य गोंधळतात आणि त्यांची मने कठीण झाली होती असा शेरा येतो; मत्तयात ते येशूला वंदन करतात. पुढच्या पिढीला पूर्वजांचे डाग धुऊन टाकावेसे वाटले, आणि हे स्वाभाविकही आहे. मार्कने ते धुतले नाहीत, कारण त्याच्या श्रोत्यांना त्या डागांचाच आधार होता.

पडलेल्यांना परत घ्यावे की नाही, हा प्रश्न मार्कच्या पिढीबरोबर संपला नाही. इ. स. २५० मध्ये डेसियस बादशहाने सर्वांनी देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. असे दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीने ते घेतले, आणि छळ ओसरल्यावर मंडळ्यांच्या दारांत येऊन उभे राहिले. रोममधल्या नोव्हेशियनचा पक्ष म्हणाला, यांना क्षमा नाही. कार्थेजच्या सिप्रियनने मात्र प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेण्याचा मार्ग धरला, आणि अखेर तोच टिकला. एका नाकारणाऱ्या माणसाला ज्या धर्माने आपला अग्रणी मानले होते, त्याला दुसरा मार्ग धरणे अवघडच गेले असते.

मार्कच्या पुस्तकाची पुढे बरीच उपेक्षा झाली. मार्क म्हणजे मत्तयाचा संक्षेप, असे संत ऑगस्टीनने म्हटले आणि लोक मूळ सोडून विस्तार वाचत राहिले. १८३५ नंतर जर्मन पंडितांनी मार्कच आधीचा हे दाखवले, तेव्हा त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले.

या पुस्तकाचा शेवट पूर्वीपासून लोकांना खटकत आला आहे. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत, म्हणजे सिनाय आणि व्हॅटिकन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोथ्यांत, सोळावा अध्याय आठव्या वचनाशीच थांबतो: त्या तिघी बायका थरथर कापत कबरेतून पळाल्या आणि भीतीमुळे कोणाशी काही बोलल्या नाहीत. पुढे येशू शिष्यांना भेटल्याच्या हकीकती छापील बायबलात असतात. त्या बारा वचनांना बहुतेक अभ्यासक नंतरची भर मानतात. कथा अशी भीतीवर संपावी हे नकलकारांना सोसले नसावे. पण मार्कच्या श्रोत्यांची स्थिती तीच होती. शिष्य भ्याले होते, बायका भ्याल्या, आणि ऐकणारेही भ्यालेलेच होते. तरीही त्या तिघी केव्हातरी, कोणाजवळ तरी बोलल्या असल्या पाहिजेत; नाहीतर मार्कला ही गोष्ट समजली नसती, आणि पेत्राच्या नावाचा तो निरोप आपल्यापर्यंत पोचला नसता.